गिअर बदलताना धक्का का बसतो

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

ग्रामस्थ मंडळी, माताभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, पूर्वी आपल्या गावांत एखादीच जीप असे. आता कापसाचा किंवा तुरीचा पैसा हाती आला की कोणी ना कोणी जुनी चारचाकी घेऊन येतो. गाडी येते, पण ती चालवू शकणारा माणूस बहुतेक घरांत एकच असतो, आणि तो बाहेरगावी गेलेला असताना रात्री कुणाला साप चावला किंवा बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, तर दारात उभी असलेली गाडी असून नसल्यासारखी होते. माझी सारी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी गाडी चालवायला शिकवतो. एवढ्या काळात मी पाहिले ते असे, की स्टिअरिंग चार दिवसांत हाती बसते आणि ब्रेक त्याहून लवकर समजतो. पण गिअर बदलताना गाडी उसळली, आचके देत बंद पडली आणि मागून ट्रकने हॉर्न वाजवला, की शिकणाऱ्याच्या मनात जो धसका बसतो तो लवकर जात नाही. त्या एका प्रसंगानंतर घरच्यांनी पुन्हा किल्ली हाती दिली नाही, अशा किती तरी सुना आणि मुली मला ठाऊक आहेत. म्हणून आज मी फक्त गिअरविषयी बोलणार आहे.

मी स्वतः हे कसे शिकलो ते आधी सांगतो. वयाच्या विशीत मला ट्रॅक्टर येत होता आणि ट्रॅक्टर येतो म्हणजे सगळे येते अशी माझी समजूत होती. एके दिवशी माझी आजी ओसरीवरून पडली आणि तिचे मांडीचे हाड मोडले. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये मागे गादी टाकून तिला झोपवले आणि चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात मी घेऊन निघालो. प्रत्येक गिअरला ती कण्हत होती. तिला त्रास होतो म्हणून मी गाडी हळू केली, तर गिअर अधिक वेळा बदलावे लागले आणि कण्हणे वाढले. शेवटी ती म्हणाली, "बाबू, गाडी जोरात चालव, पन झटके नको देऊ." जन्मात गाडी न चालवलेल्या त्या बाईने वेग आणि धक्का या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला सांगितले. माणसाच्या अंगाला वेग जाणवतच नाही. वेगातला अचानक बदल तेवढा जाणवतो.

आता हा अचानक बदल येतो कुठून? बहुतेकांना वाटते की दांडी जोरात ओढली म्हणून धक्का बसला. तसे नाही. दांडी हलवताना क्लच दाबलेला असतो, म्हणजे इंजिन आणि चाके एकमेकांपासून सुटलेली असतात; त्या वेळी तुम्ही दांडी कशीही हलवली तरी गिअरबॉक्सला इजा होईल, पण आत बसलेल्या माणसाला मोठा धक्का बसणार नाही. धक्का बसतो तो त्यानंतर, क्लच सोडताना. इंजिनाच्या फिरत्या चक्राला, म्हणजे फ्लायव्हीलला, क्लचप्लेट जाऊन चिकटते. प्लेट चाकांच्या वेगाशी बांधलेली असते आणि फ्लायव्हील इंजिनाच्या वेगाशी. दोघांचे फेरे सारखे असतील तर ती एकमेकांना भेटल्याचे कळतही नाही. फेरे सारखे नसतील तर त्यांतला फरक कुठे तरी जिरावा लागतो. क्लच सावकाश सोडला तर तो प्लेटच्या घर्षणात जिरतो, एकदम सोडला तर तुमच्या मानेत.

फरक किती असतो, याचा हिशेब करून पाहू. एखादी लहान गाडी घ्या. तिच्या पहिल्या गिअरचे प्रमाण, म्हणजे पुढचा भाग एकदा फिरवायला इंजिनाला घ्यावे लागणारे फेरे, ३.५, दुसऱ्याचे १.९, तिसऱ्याचे १.३ आणि चौथ्याचे ०.९५ धरा, शेवटच्या डिफरन्शिअलचे, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दातेरी जोडीचे, ४.३ आणि चाकाचा घेर पावणेदोन मीटर. बाजारातल्या लहान गाड्यांचे आकडे याच्याच आसपास असतात. ताशी २० किलोमीटर वेगाला पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेत असते. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याने सुमारे १५५० फेरे घ्यायला हवेत. म्हणजे तुम्ही पहिल्यातून दुसऱ्यात जाता तेव्हा इंजिनाला तेराशे फेरे खाली उतरायचे असतात. ताशी ४० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ते ३१०० वरून २१०० वर, म्हणजे हजार फेरे उतरते. रेसवरून पाय काढल्यावर इंजिनाला खाली यायला थोडा वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याला मिळाला पाहिजे. घाईने क्लच सोडलात तर इंजिन अजून वरच असते आणि ते गाडीला पुढे ढकलते. फार रेंगाळलात तर इंजिन पार खाली गेलेले असते आणि चाकांना त्याला ओढून वर आणावे लागते. तेव्हा गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते.

यातून एक खूण मिळते, ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी देतो. गिअर बदलल्यावर आत बसलेल्यांची डोकी मागे गेली, तर क्लच सोडताना इंजिन जास्त फिरत होते. डोकी पुढे झुकली, तर इंजिन कमी फिरत होते. पहिल्या प्रकारात पुढच्या वेळी रेसवरून पाय जरा आधी उचला किंवा क्षणभर अधिक थांबा. दुसऱ्या प्रकारात हात जरा लवकर चालवा, किंवा क्लच जुळताना रेसला हलकासा स्पर्श द्या. शेजारी बसून "नीट टाक, नीट टाक" असे ओरडणाऱ्या माणसापेक्षा ही एक खूण अधिक शिकवते, कारण ती चूक झाली एवढेच न सांगता चूक कोणत्या बाजूला झाली तेही सांगते.

पहिला आणि दुसरा गिअर अवघड का वाटतो, याचे उत्तरही वरच्या आकड्यांत आहे. पहिल्या गिअरमध्ये ३.५ ला ४.३ ने गुणले तर १५ येतात. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचताना पंधरा पट होतो. म्हणून तर थांबलेली गाडी हलते. पण जोराबरोबर तुमच्या पायाची थरथरही तितक्याच पटीने चाकापर्यंत जाते. चौथ्या गिअरमध्ये हाच आकडा जेमतेम चार असतो. म्हणजे तोच पाय, तीच थरथर, पण टॉप गिअरमध्ये गाडी गुळगुळीत चालते आणि पहिल्यात उसळते. शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला काहीच जमत नाही, आणि प्रत्यक्षात तो गाडीच्या सगळ्यांत नाजूक जागी काम करत असतो. एका मुलाने मला रडकुंडीला येऊन विचारले होते, "सर, मी तं हयूच सोडतो, मग गाडी कायले उसळून रायली?" त्याला मी हा पंधराचा हिशेब जमिनीवर काडीने लिहून दाखवला. त्यानंतर त्याची भीती बरीच कमी झाली, आणि माझ्या मते भीती कमी होणे हाच अर्धा सराव आहे.

आता पायाकडे येऊ. क्लचच्या पॅडलचा प्रवास सारखा नसतो. वरचा थोडा भाग मोकळा, तळचा थोडा भाग मोकळा, आणि मध्ये बोटभर किंवा दोन बोटे जागा अशी, जिथे प्लेट फ्लायव्हीलला धरू लागते. याला आपण हाफ क्लच म्हणतो. पॅडल दाबताना झटकन आणि पूर्ण दाबावे. तिथे सावकाशपणाचा काही उपयोग नाही. सोडताना मोकळा भाग लवकर सोडावा, त्या दोन बोटांच्या जागेत पाय थांबवावा, आणि प्लेट पूर्ण धरली की उरलेला भाग सोडून पाय बाजूला घ्यावा. नवशिका नेमके उलटे करतो. तो मोकळ्या भागात भीत भीत सावकाश येतो, आणि गाडी हलू लागली की हायसे वाटून पाय एकदम उचलतो. गाडी बंद पडते ती त्या क्षणाला.

कापसाने भरलेली बंडी जागची हलवताना जाणता गडी काय करतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. तो एकदम तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, टोचत नाही. आधी जू खांद्यावर नीट बसू देतो, बैल पाय रोवतात, दोर ताणले जातात, चाक करकरते, आणि बंडीने जागा सोडल्यावरच तो बैलांना आवाज देतो. जू बसल्यापासून चाक फिरेपर्यंतचा जो वेळ आहे, तोच क्लचमध्ये त्या दोन बोटांचा आहे. ज्याने बैल हाकले आहेत त्याला ही जागा पायाला लवकर सापडते, असा माझा अनुभव आहे.

मात्र ट्रॅक्टरवरून आलेल्या माणसाला काही गोष्टी विसराव्या लागतात, आणि इथे मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण आपल्याकडचे निम्मे तरुण ट्रॅक्टरवर शिकतात. शेतात वखरणी करताना किंवा पेरताना आपण जागेवरच गिअर निवडतो, क्लच सोडतो आणि हाताच्या रेसवर इंजिन एका ठिकाणी बांधून ठेवतो. कितीतरी ट्रॅक्टरांत चालत्या गाडीत गिअर बदलायचा नसतोच. बदलायला गेले तर दाते खरडतात. त्यामुळे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला चालता गिअर बदलण्याचा सरावच नसतो. शिवाय रेस सोडून मग क्लच दाबायचा ही पायांची जुगलबंदी त्याने कधी केलेली नसते. तो कारमध्ये बसला की रेस तशीच ठेवून क्लच दाबतो आणि इंजिन किंचाळते. तिसरी सवय म्हणजे डावा पाय कायम क्लचवर टेकवून ठेवणे. पॅडलवर नुसते पायाचे वजन असले तरी आतली रिलीज बेअरिंग, म्हणजे प्लेटची पकड सोडवणारा भाग, दाबलेली राहते आणि प्लेट किंचित घसरत राहते. प्लेट तापते, जळका वास येतो, आणि वर्षानुवर्षे टिकणारी प्लेट एका हंगामात संपते. गिअर बदलून झाला की डावा पाय जमिनीवर, हे मी ट्रॅक्टरवाल्यांना इतक्या वेळा सांगतो की ते घरी जाऊन माझी तक्रार करतात.

हाताचे काम पायाच्या मानाने सोपे आहे. दांडी मुठीत आवळून धरू नका. ती न्यूट्रलमध्ये सोडली की स्प्रिंगमुळे आपोआप मधल्या रांगेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत, येऊन उभी राहते. म्हणून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तिला तिरके ओढत बसू नये. न्यूट्रलपर्यंत आणावी, हात ढिला करावा, ती स्वतः मध्ये येते, मग सरळ पुढे लोटावी. पहिला-दुसरा हवा असेल तेव्हा तळहात डावीकडे करून दांडी आपल्यापासून दूर दाबावी, आणि पाचवा हवा असेल तेव्हा तळहात आपल्याकडे करून जवळ ओढावी. नवशिक्याची दांडी तिसऱ्याऐवजी पाचव्यात जाते, ती मुठीत धरल्यामुळेच.

न्यूट्रलमध्ये तो जो निमिष जातो, त्याला गिअरबॉक्समध्येही अर्थ आहे. आत पितळी कड्या असतात. दोन फिरते भाग एकमेकांत अडकण्याआधी या कड्या शंकूसारख्या पृष्ठभागावर घासून दोघांचा वेग सारखा करतात. याला सिंक्रोमेश म्हणतात. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत तो प्रथम आला. त्याआधी, आणि आपल्याकडे जुन्या ट्रकांत त्यानंतरही अनेक वर्षे, चालकाला हे काम स्वतः करावे लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिन जुळवणे, पुन्हा क्लच दाबून गिअर. हेच डबल क्लच. ज्यांनी तसे ट्रक चालवले त्यांचा कान इंजिनाच्या आवाजाला इतका सरावलेला असे की मीटरकडे पाहण्याची त्यांना गरज पडत नसे. आजच्या गाडीत पितळी कडी ते काम करते, पण तिला दाबायला क्षणभर द्यावा लागतो. दांडी अडते तिथे जोर न लावता हलका दाब धरून ठेवावा. वेग जुळला की ती आपोआप आत जाते. डिसेंबरच्या पहाटे गिअरबॉक्सचे तेल घट्ट असते, तेव्हा तर हा धीर हवाच. आणि अनेक गाड्यांत रिव्हर्सला ही कडी नसते, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावर क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबावे, मग रिव्हर्स टाकावा.

गिअर कमी करणे हे वाढवण्यापेक्षा कठीण आहे, कारण इथे इंजिनाला खाली नव्हे तर वर जायचे असते, आणि ते स्वतःहून वर जात नाही. ताशी ४० ला तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात तर त्याला २१०० वरून ३१०० वर जावे लागते. तुम्ही रेस दिली नाही तर हे हजार फेरे चाकांनी द्यायचे असतात, आणि सगळ्यांची डोकी पुढे झुकतात. म्हणून क्लच दाबलेला असताना, दांडी खाली येताच, रेसला एक छोटा दाब द्यावा, इंजिनाचा आवाज चढलेला ऐकावा, आणि त्या चढलेल्या आवाजावर क्लच सोडावा. हे जमत नसेल तोवर ब्रेकने गाडी आधी पुरेशी हळू करावी आणि मगच खालचा गिअर टाकावा. ताशी २५ ला हाच फरक हजारावरून सहा-सातशेवर येतो. पावसाळ्यात पांदण रस्त्याच्या काळ्या चिखलात तर हा धक्का धोक्याचा असतो, कारण चाक अडखळले की घसरते. तिथे निघतानाही पहिल्याऐवजी दुसऱ्यात, अगदी कमी रेसवर निघावे, म्हणजे चाक जागीच फिरत नाही. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर मात्र गाडी घालूच नये. तिथे कोणत्याही गिअरची हुशारी चालत नाही.

घाटाविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे ११०० मीटर उंचीवर, जाणारे आणि बुलडाण्याचा राजूर घाट उतरणारे कितीतरी लोक उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिन बंद करतात, आणि डिझेल वाचले असे समजतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मदत करणारी निर्वात योजना दोन-चार दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखे होते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की उतारावर इंधन जाणे जवळजवळ थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. जो चढ ज्या गिअरमध्ये चढलात, तो त्याच गिअरमध्ये उतरावा. आणि हा गिअर वळणाच्या आधी टाकावा, वळणात नव्हे.

सरावासाठी शाळेचे मैदान किंवा पीक निघालेले सपाट शेत पुरेसे आहे. पहिले दोन दिवस रेसला पायच लावू नका. सपाट जागी फक्त क्लच सावकाश सोडून गाडी रांगू द्या, थांबवा, पुन्हा रांगू द्या. पन्नास वेळा, शंभर वेळा. इंजिनाचा आवाज किंचित बसतो आणि गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे होते, ती हाफ क्लचची जागा पायाला पाठ झाली पाहिजे. बसण्याची जागा आधी नीट करा: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाही तर पायाला ताबा राहत नाही. घसरणारी चप्पल काढून ठेवा. मग पहिला-दुसरा-थांबा, एवढेच दोन दिवस; दुसऱ्यावरून परत पहिल्यावर येणे अजून नको. तिसरा त्यानंतर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलमधल्या हलक्या गाडीच्या प्रशिक्षणासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत. आपल्याकडे आठवड्याभराच्या सरावावर परवान्याच्या चाचणीला उभे राहण्याची जी घाई असते, ती मला मान्य नाही. दहा तासांतले चार तास एकट्या क्लचला द्या असे मी म्हणेन.

व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारले की आठवडी बाजारात गाडी माणसाच्या चालीने रांगत असते, तेव्हा दुसऱ्यावरून पहिला टाकायचा की क्लच अर्धा दाबून ठेवायचा. त्यांचा प्रश्न फार नेमका आहे. अर्धा दाबून ठेवू नका, त्यानेच प्लेट जळते. दुसऱ्या गिअरमध्ये रेसशिवाय गाडी न थरथरता चालत असेल तर तशीच चालू द्या. थरथरू लागली की क्लच पूर्ण दाबा, ब्रेकने जवळजवळ थांबवा आणि मग पहिला टाका, कारण चालत्या गाडीत पहिला टाकताना धक्काही सगळ्यांत मोठा बसतो. पुढच्या बंडीला थोडे पुढे जाऊ द्या. दोन गाड्यांएवढी जागा झाली की पहिल्यात निघा, क्लच पूर्ण सोडा आणि पाय खाली ठेवा. मागचा हॉर्न वाजवेल. त्याला वाजवू द्या.